टर्बोच्या ऑइल लाइनी: फीड केवढी, ड्रेन केवढी

टर्बो निळा धूर मारतोय, सील गेलं वाटतं, असं कोणी म्हणालं की मी टर्बोकडे आधी बघतच नाही, सरळ गाडीखाली सरपटत जातो आणि ड्रेनची नळी बघतो. बऱ्याचदा रोग तिथेच सापडतो. लोक टर्बोवर हजारो रुपये घालतात, इंटरकूलर कुठला घ्यायचा यावर रात्र रात्र चर्चा करतात आणि तेलाच्या दोन नळ्या, टर्बोला तेल देणारी फीड आणि ते परत इंजिनात नेणारी ड्रेन, मात्र दुकानात जे हाताला लागेल ते उचलून बसवतात. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, डोळ्यासमोर मित्राची मारुती एस्टीम आहे, १.३ चं पेट्रोल इंजिन, त्यावर कुर्ल्याहून आणलेला छोटा जर्नल बेअरिंगचा (गोळ्यांऐवजी तेलाच्या थरावर शाफ्ट फिरते तो) टर्बो आणि आमचे असंख्य वाया गेलेले रविवार.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. नॉन टर्बो गाडीला टर्बो लावून ती रस्त्यावर फिरवायची तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, कंपनीने दिलेल्या स्पेसिफिकेशनमध्ये असा बदल चालत नाही, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय. आमची गाडी ट्रेलरवरून ट्रॅकला जाते आणि ट्रेलरवरूनच घरी येते. तुमच्या डिझेल गाडीचा मूळ टर्बो बदलताय किंवा फुटलेली लाइन नवीन करताय तर हा प्रश्नच नाही, पण बाकी सगळं तुम्हालाही तसंच लागू होतं.

आता मुद्द्याचं. घरातली मोरी आठवा. नळ अर्ध्या इंचाचा, तेवढ्यातून पाणी जोरात येतं कारण मागे गच्चीवरच्या टाकीचा दाब आहे. पण मोरीच्या जाळीखालचा पाइप अडीच-तीन इंची, कारण जाणाऱ्या पाण्याला मागून ढकलणारं कोणी नाही, ते आपल्या वजनाने जातं, वर साबणाचा फेस, केसांचे गुंते. टर्बोचं अगदी हेच आहे. फीडला ऑइल पंपाचा दाब असतो, ३-४ बार. ड्रेनला काय असतं तर फक्त उंची. टर्बोपासून इंजिनखालच्या तेलाच्या चेंबरपर्यंत २० सेंटिमीटर उंची धरली तर तेलाच्या त्या स्तंभाचा दाब होतो साधारण ०.०१७ बार. म्हणजे ४ बारच्या फीडपुढे दोनशे चाळीस पटीने कमी जोर. आलेलं सगळं तेल एवढ्याशा जोरावर बाहेर पडायचंय.

त्यात ते तेल आत गेलं तसं बाहेर येत नाही. छोट्या टर्बोची शाफ्ट दीड-दोन लाख आरपीएमने फिरते, तेल घुसळून निघतं, आणि रिंगांच्या फटीतून थोडा एक्झॉस्ट गॅस, थोडी बूस्टची, म्हणजे टर्बोने दाबलेली, हवा आत शिरून तेलात मिसळते. खाली जे पडतं ते ताक घुसळल्यावर येतं तसं फेसाळ काहीतरी असतं, जागा जास्त खातं आणि सावकाश वाहतं.

आणि सीलबद्दल. बहुतेक टर्बोत आपल्या क्रँकला असतं तसं रबरी ऑइल सील नसतंच. शाफ्टवर पिस्टन रिंगसारखी बारीक धातूची रिंग असते, ती तेल थोपवायला बसवलेलीच नाही म्हणा ना, बाहेरच्या गॅसचा दाब आणि आत मोकळी जागा या दोघांच्या भरवशावर ती काम करते. मधल्या हाउसिंगमध्ये तेल साठून शाफ्टच्या पातळीला आलं की रिंग काही करू शकत नाही, तेल टर्बाइनच्या, म्हणजे एक्झॉस्टने फिरणाऱ्या चाकाच्या, बाजूने सायलेन्सरमध्ये आणि कॉम्प्रेसरच्या, म्हणजे हवा दाबणाऱ्या चाकाच्या, बाजूने इनटेकमध्ये. मेस्त्री म्हणतो सील गेलं, तुम्ही नवीन टर्बो लावता आणि तोही आठवड्यात धूर मारतो.

नंबरांचा घोळ

दुकानात किंवा ऑनलाइन गेलात की डॅश ३, डॅश ४, डॅश १० असे नंबर दिसतात. हे एएन साइज, रेसिंगच्या होज-फिटिंगची मापं. डॅशपुढचा आकडा म्हणजे इंचाचे सोळावे भाग. आपल्याकडे वर्कशॉपमध्ये सूत चालतं, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्यामुळे डॅश नंबर निम्मा केला की सूत मिळालं. डॅश ४ म्हणजे दोन सूत, डॅश १० म्हणजे पाच सूत. सोपं वाटतं ना, पण मेख अशी आहे की एएनचा नंबर मूळ धातूच्या पाइपच्या बाहेरच्या मापाचा आहे, आतल्या नाही. म्हणून डॅश १० ची रेसिंगवाली रबरी होज आतून साधारण १४ मिमी भरते, डॅश ४ ची साडेपाचच्या आसपास, तीच टेफ्लॉनची घेतली तर पाचच्याही खाली, डॅश ३ तर जेमतेम ३.२ मिमी.

आता भोसरीत हायड्रॉलिक होज प्रेस करून देणाऱ्याकडे जा. त्याच्या नेहमीच्या वायर ब्रेडवाल्या रबरी होजचा नंबर आतल्या मापाचा असतो. त्याच्याकडचा पाच सूत म्हणजे आतून खरंच १६ मिमी. म्हणजे त्याच नंबरला तुम्हाला मोठी होज मिळते, ड्रेनला उत्तमच की, फक्त एएनचं फिटिंग त्या होजवर बसत नाही, भिंतीची जाडी वेगळी असते, त्याच्याकडूनच फिटिंग प्रेस करून घ्यायचं. त्याच्याकडे जेआयसी फिटिंग मागा, ३७ डिग्रीचा कोन आणि आटे एएनशी जुळतात, किंमत मात्र रेसिंगच्या निळ्या-लाल फिटिंगपेक्षा बरीच कमी.

एका गोष्टीला आम्ही फसलोय म्हणून सांगतो. डॅश ४ चे आटे ७/१६-२०. एसीवाल्याकडे दोन सुताचं जे फ्लेअर नट असतं त्याचेही आटे हेच. छान फिरतं, छान बसतं, टाइट होतं. पण एसीच्या फ्लेअरचा कोन ४५ डिग्री आणि आपला ३७. दोन कोन एका रेषेवर टेकतात, गार असताना थेंब येत नाही, मॅनिफोल्ड तापला की झिरपायला लागतं, आणि तेल पडतं कुठे तर लाल झालेल्या टर्बाइन हाउसिंगवर. आमचं नशीब की ट्रॅकवर मार्शलला आधी धूर दिसला.

फीड

जर्नल बेअरिंगचा टर्बो असेल, आणि आपल्याकडे जुन्या बाजारात मिळणारे जवळजवळ सगळे तसेच असतात, तर फीड डॅश ४ घ्या, रिस्ट्रिक्टर (तेल कमी सोडणारं बारीक भोक) लावू नका, विषय संपला. गॅरेटसारखी टर्बो बनवणारी कंपनीही हेच सांगते. बॉल बेअरिंगचा असेल तर त्याला तेल कमीच लागतं, तिथे डॅश ३ चालते किंवा डॅश ४ वर १ मिमीच्या आसपासचा रिस्ट्रिक्टर लावतात, विशेषतः इंजिनचा दाब ६० पीएसआयच्या, म्हणजे चार बारच्या, वर जात असेल तर. काही बॉल बेअरिंग टर्बोंच्या हाउसिंगमध्ये रिस्ट्रिक्टर आधीच बसवलेला असतो, वरून दुसरा लावलात तर शाफ्ट उपाशी मरेल, म्हणून फीडच्या भोकात टॉर्च मारून आधी बघा.

डॅश ३ जर्नलला का नको याचा हिशोब मी एकदा कागदावर केला होता. गरम तेल, मिनिटाला ३ लिटर, नळी ६० सेंटिमीटर लांब असं धरलं. साडेपाच मिमीच्या नळीत दाब पडतो ०.१५ बारच्या आसपास, म्हणजे काहीच नाही. तेच ३.२ मिमीच्या नळीत जवळजवळ १.४ बार खाल्ला जातो. नळीचा व्यास निम्मा झाला की विरोध सोळा पट होतो, व्यासाचा चौथा घात असतो त्यात, त्यामुळे मिलिमीटरभराचा फरक दिसायला क्षुल्लक पण फार महागात पडतो.

मग डॅश ६ का नको, अजून मोठी, अजून चांगली? कारण किती तेल जायचं हे टर्बोच्या बेअरिंगमधली बारीक फट ठरवते, मोठ्या नळीने वाढीव काही मिळत नाही, उलट रात्रभर उभी राहून नळी रिकामी झाली तर सकाळी भरायला जास्त वेळ. ६० सेंटिमीटरची डॅश ४ पंधरा मिलिलिटरमध्ये भरते, डॅश ६ ला पस्तीस लागतात. तेवढा वेळ शाफ्ट कोरडी.

पण नळीचं माप बघून थांबू नका, नळी तेवढीच मोठी जेवढी तिची सगळ्यात अरुंद जागा. आणि ती जागा होजमध्ये सहसा नसते, ती फिटिंगमध्ये, बँजो बोल्टमध्ये (ज्याच्या पोकळ दांडीतून आणि आडव्या भोकातून तेल जातं तो) नाहीतर टी मध्ये असते. माझी पद्धत अशी आहे की ड्रिल बिटचा डबा घ्यायचा आणि बिट उलटं धरून त्याची गुळगुळीत दांडी प्रत्येक भोकात घालून बघायची. एस्टीमसाठी आम्ही एका डिझेल गाडीचा बँजो बोल्ट वापरायला घेतला होता, बाहेरून दणकट, पण आडव्या भोकात ३ ची दांडी जाईना, २ ची जाईना, दीडची गेली. कंपनीने त्या टर्बोच्या हिशोबाने बोल्टमध्येच रिस्ट्रिक्टर केलेला होता. आपण बाहेर डॅश ४ लावून खूश आणि टर्बोला मिळतंय दीड मिमी.

बँजोवरून आठवलं. काही कंपन्या फीडच्या बँजोत बारीक जाळी घालतात. प्यूजो, सिट्रॉएन, फोर्ड वगैरेंच्या १.६ एचडीआय डिझेलमध्ये इंजेक्टरच्या वॉशरमधून गॅस गळून तेलात कार्बन व्हायचा, तो त्या जाळीत अडकायचा आणि एकामागोमाग एक टर्बो जायचे. ती गाडी युरोपात फार, पण धडा आपल्यालाही तोच, टर्बो बदलताना फीड पाइप, बोल्ट आणि कॉपर वॉशर नवीनच घाला. जुना पाइप बाहेरून चकचकीत पुसून परत लावणारे मेस्त्री मी पाहिलेत, आत तेलाचा कोळसा झालेला असतो, बाहेरून काय कळणार.

तेल घ्यायचं कुठून? मेन गॅलरीतून, म्हणजे ब्लॉकमधल्या तेलाच्या मुख्य वाटेतून, फिल्टरच्या पुढून. सोपी जागा म्हणजे ऑइल प्रेशर स्विच. स्विच काढा, टी लावा, एका तोंडाला स्विच, दुसऱ्याला फीड, आणि जमलं तर तिसऱ्याला गेज, अंदाजपंचे काम करण्यापेक्षा खरा दाब दिसलेला बरा. इथे आट्यांचं बघा. मारुती आणि बहुतेक जपानी इंजिनांत स्विचचे आटे पीटी १/८ असतात, म्हणजे बीएसपीच, इंचाला २८. बाहेरून मागवलेली टर्बो किट एनपीटी १/८ देतात, इंचाला २७. दोन-तीन आटे गुमान जातात, मग अडकतं, आपल्याला वाटतं टेपर आहे म्हणून टाइट होतंय, अजून अर्धा फेरा मारतो आणि ब्लॉकचे आटे गेले. बीएसपीची टी आपल्याकडे हायड्रॉलिकवाल्याकडे सहज मिळते, तीच घ्या, पितळेची नको, स्टीलची. आणि जड टी ब्लॉकवर लोंबकळत ठेवू नका, व्हायब्रेशनने आट्यापाशी तुटते, छोटी होज काढून टी बाजूला क्लॅम्प केलेली चांगली.

फिल्टरखाली सँडविच प्लेट लावणारेही आहेत. वाईट नाही, पण बऱ्याच प्लेटमधली भोकं फिल्टरच्या आधीच्या बाजूला असतात, म्हणजे न गाळलेलं तेल टर्बोला. भोक बाहेरच्या रिंगेतून येतंय का मधल्या नळीतून ते बघून घ्या, मधलं पाहिजे. हेडच्या टोकाकडून फीड घेऊ नका, तिथपर्यंत दाब पडलेला असतो.

टेफ्लॉन टेप आणि गॅस्केट शेलॅक फीडमध्ये अजिबात नको. फ्लेअरला काही लागत नाही, टेपर आट्यांना लिक्विड थ्रेड सीलंट, तेही पहिले दोन आटे कोरडे सोडून. टेपचा एक धागा सुटला आणि बेअरिंगच्या भोकात बसला की झालं.

ड्रेन

इथे जरा थांबून वाचा.

नियम पहिला, टर्बोच्या ड्रेनच्या भोकापेक्षा नळी कुठेही बारीक व्हायला नको. कॅलिपर लावून भोक मोजा. सर्वसाधारण टर्बोला आतून १४ मिमी म्हणजे डॅश १० पुरते, मोठी जमत असेल तर मोठी घ्या, ड्रेन मोठी झाली म्हणून कोणाचं नुकसान झालेलं मी ऐकलेलं नाही. डॅश ८ लावलेल्या गाड्या बघतो, चालतात म्हणतात, गरम असताना चालतही असतील. पण गार तेलाचं काय? १५डब्ल्यू४० तेल १०० डिग्रीला जेवढं जाड असतं त्याच्या सात-आठ पट जाड ते ४० डिग्रीला असतं. ४० डिग्री म्हणजे काही थंडी नव्हे, मे महिन्यातली पार्किंगमधली गाडी. अशा तेलाला अगदी सरळ उभी नळी दिली, फेस शून्य धरला, तरी १४ मिमीमधून स्वतःच्या वजनाने मिनिटाला साडेचार-पावणेपाच लिटर उतरेल. ११ मिमी केली तर पावणेदोन. १० मिमी केली तर सव्वा लिटर. आणि ही सगळी आदर्श परिस्थिती, त्यात एक एल्बो, थोडा तिरका उतार आणि तो ताकासारखा फेस आला की काय उरतं बघा. म्हणून सकाळी स्टार्ट केल्यावर पाच मिनिटं धूर आणि गरम झाल्यावर बंद, हे लक्षण दिसलं की मी आधी ड्रेनवरच संशय घेतो.

नियम दुसरा, उतार. नळी उभ्या रेषेपासून ३५ डिग्रीच्या आत राहिली पाहिजे, पूर्ण लांबीभर. सुरुवातीला छान उतरली आणि मग चेंबरपर्यंत आडवी गेली, असं नको. मध्ये लोंबून खाली आणि परत वर, असं तर मुळीच नको, बेसिनखाली वास येऊ नये म्हणून जो वाकडा पाइप असतो तसला तेलाचा सापळा तयार होतो. फीडचं भोक वर आणि ड्रेन खाली येईल असं मधलं हाउसिंग फिरवून घ्या, टर्बाइन आणि कॉम्प्रेसरकडचे बोल्ट सैल केले की ते फिरतं, ब्लेड सांभाळून. टर्बोखाली लगेच ९० डिग्रीचा कोरीव काटकोनी एल्बो लावायचा मोह होतो कारण जागा कमी असते, त्याऐवजी लेथवाल्याकडून फ्लँज कापून त्याला तिरका पाइप वेल्ड करून घ्या, थोडक्यात होतं आणि आतून गुळगुळीत वळण मिळतं. आमच्या फ्लँजच्या पहिल्या आवृत्तीत वेल्डरने पाइप आत ३ मिमी पुढे काढून ठेवला होता, तेवढी कड तेलाला बांधासारखी आडवी. घासून सपाट केली.

नियम तिसरा, नळी चेंबरमध्ये तेलाच्या पातळीच्या वर उघडली पाहिजे. खाली उघडली तर नळीत तेल उभं राहतं आणि ड्रेनची जी थोडीशी उंची होती ती निम्मी होते. पण पातळी बाहेरून कळणार कशी? डिपस्टिकवरून अंदाज बांधणारे चुकतात, ती तिरकी जाते. गवंडी भिंतीची लेव्हल घेतात ती पारदर्शक नळी आठवतेय ना, तेच करा. गाडी सपाट जागेवर उभी करा, तेल मॅक्सपर्यंत भरून अर्धा तास थांबा. मग खाली ट्रे धरून ड्रेन प्लग काढून त्या जागी निप्पल आणि पारदर्शक नळी लावा, नळीचं दुसरं टोक वर उघडं धरा, वरचं ऑइल कॅप पण काढा. गळालेलं तेल मोजून परत ओता. नळीत तेल जिथे स्थिर होईल तीच आतली पातळी. तिथे चेंबरवर मार्करने रेघ. आमची रेघ बघून दोघंही गप्प झालो होतो, कारण वेल्डिंगसाठी खडूने केलेली खूण त्या रेघेच्या दोन बोटं खाली होती.

रेघेच्या निदान एक इंच वर बंग, म्हणजे नळी जोडायचा तुकडा, वेल्ड करा, तोंड बाहेरून थोडं वर बघणारं. क्रँक फिरताना ज्या बाजूला तेल फेकते ती बाजू टाळा. आणि चेंबर खाली काढूनच वेल्ड करा, गाडीवर असताना लांबून लांबून टाके मारून देतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका, आत तेलाची वाफ आणि वेल्डिंगची ठिणगी, अजून काय सांगू. पत्र्याचं चेंबर कोणीही करून देईल, अॅल्युमिनियमचं असेल तर टिगवाला शोधा. वेल्ड झाल्यावर डिझेलने धुवा, चुंबक फिरवा, परत धुवा, वेल्डिंगचा एक गोळा ऑइल पंपाच्या पिकअपमध्ये गेला तर टर्बोच काय इंजिनही जाईल.

टर्बो इतका खाली आहे की उतारच मिळत नाही, असं असेल तर स्कॅव्हेंज पंप, तेल ओढून परत नेणारा, लागतो, गरम तेल सहन करणारा. खर्चिक आणि बंद पडला तर सगळंच बंद, त्यामुळे मी तरी टर्बो चार बोटं वर नेणारा मॅनिफोल्ड करून घेईन.

आता होज कशाची. इथेच आमची एस्टीम तीन आठवडे रडली. सगळी मापं बरोबर, उतार बरोबर, बंग रेघेच्या वर, पहिले दोन दिवस मक्खन. मग आयडलला निळसर धूर, मग गाडीजवळ उभं राहवू नये इतका धूर. टर्बो काढला, शाफ्टला खेळ नाही, परत लावला. पुन्हा धूर. शेवटी वैतागून ड्रेनची होज कापली तर आतलं अस्तर भिजलेल्या पोह्यासारखं फुगलेलं, १६ मिमीच्या भोकात करंगळी जाईना. दुकानदाराने हीटर होज दिली होती, मजबूत आहे साहेब, गरम पाण्याला चालते म्हणून. पाण्याला चालतेच, ती ईपीडीएम रबराची असते आणि ईपीडीएमला तेलाचं वावडं आहे. चूक आमचीच, विचारायला पाहिजे होतं. तेलासाठी नायट्राइल रबर किंवा त्याहून चांगलं काहीतरी, आतून टेफ्लॉन असेल तर उत्तम. निळी चकाचक सिलिकॉन होजही तशीच फसवी, साध्या सिलिकॉनमधून तेल पाझरतं, आतून फ्लोरोसिलिकॉनचं अस्तर असलेलीच तेलाला चालते.

नुसती रबरी होज वाकवली की मध्ये चपटी होते, म्हणून वळण धातूच्या पाइपमध्ये घ्या आणि होज सरळ भागात छोटीशी, चार-पाच इंचांची, इंजिनची हालचाल सोसण्यापुरती. एक्झॉस्टच्या शेजारून जात असेल तर वर फायर स्लीव्ह चढवा. स्टीलच्या ब्रेडची होज कशालाही घासू देऊ नका, ती करवतीसारखी अॅल्युमिनियम कापते, वायरिंग तर लगेच.

ड्रेनच्या फ्लँजला गॅस्केट पेपरचं किंवा धातूचं लावा, भोक हाउसिंगच्या भोकाएवढं कापून. सिलिकॉन गॅस्केट मेकर पिळून लावलं की जेवढं बाहेर दिसतं तेवढंच आत फुगतं, गरम झाल्यावर तो लाल गांडूळ सुटून चेंबरमध्ये जातो.

सगळं बरोबर करूनही धूर असेल तर क्रँककेसचा, म्हणजे चेंबरच्या वरच्या पोकळीतला, दाब बघा. ड्रेनची नळी चेंबरमध्ये उघडते, तिथे ब्लो-बायचा, म्हणजे पिस्टनच्या कडेने खाली गळलेल्या गॅसचा, दाब साठला असेल तर तेल खाली उतरणार कसं, जोर मुळात होता ०.०१७ बार. इंजिन आयडलला असताना ऑइल कॅप सैल करून वर ठेवा, ती उडायला लागली किंवा भोकातून फुसफुस धूर आला तर टर्बोला दोष देऊ नका, पिस्टनच्या रिंग गेल्यात किंवा ब्रीदर (तो गॅस बाहेर सोडणारी नळी) चोंदलाय. मूळ पेट्रोल इंजिनचा ब्रीदर इनटेक मॅनिफोल्डला जोडलेला असतो, टर्बो लावल्यावर बूस्ट उलटा त्यातूनच चेंबरमध्ये घुसतो, चांगला वन-वे व्हॉल्व्ह लावा आणि दुसरी मोठी ब्रीदर लाइन कॅच कॅनला, तेलाची वाफ पकडणाऱ्या डब्याला, काढा.

पहिला स्टार्ट घाईत करू नका. फीडच्या भोकात ऑइल कॅनने तेल सोडत हाताने शाफ्ट फिरवा, मग फीड जोडा. फ्युएल पंपाचा फ्यूज काढा आणि दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा, गेजचा काटा उठेपर्यंत, मध्ये स्टार्टरला गार होऊ द्या. ड्रेनची होज चेंबरकडून सोडून कापलेल्या पाण्याच्या बाटलीत धरा, बंगला बोळा लावा, आणि एकाने स्टार्टर मारावा, दुसऱ्याने बघावं. तेल आलं की फीडची खात्री झाली. मग सगळं जोडून स्टार्ट करा, आयडलवरच ठेवा, आरशाने प्रत्येक जोड बघा, गरम झाल्यावर ३००० पर्यंत नेऊन सोडा आणि सायलेन्सरकडे नजर ठेवा. सोडल्यावर निळा ढग आला तर ड्रेन किंवा ब्रीदर. धूर नाही पण शिट्टीचा आवाज वाढत चाललाय आणि शाफ्टला खेळ आलाय, तर फीड कुठेतरी अरुंद आहे, ड्रिल बिटचा डबा परत काढा.

शंभरेक किलोमीटर झाले की इंजिन गार करून फ्लँजचे बोल्ट आणि बँजो परत एकदा पाना लावून बघा. पांढरा कपडा घेऊन टर्बाइनच्या खालच्या बाजूला, हात जेमतेम पोचतो तिथे, पुसून बघा. आमच्या एस्टीमचा कपडा चौथ्या वेळी कोरडा निघाला.